जुन्या भिंतीची ओल आधी, पांघरूण नंतर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर साधारण शंभर वर्षांचं, विटा आणि चुन्याचं. भिंती जाड, वर लाकडी छप्पर आणि पोटमाळा. थंडीत खोल्या गारठतात, उन्हाळ्यात वरचा मजला भट्टीसारखा तापतो. ठेकेदाराचं म्हणणं, आतून फोमच्या पाट्या ठोकू, त्यावर प्लास्टिकचा कागद आणि बोर्ड, आठ दिवसांत काम संपेल. तुम्हाला लोकर, लाकडाचा तंतू, हेम्प (भांगेच्या जातीचं, पण नशा न देणारं पीक) असं काहीतरी 'श्वास घेणारं' लावायचं आहे. पण त्याने खरंच फरक पडतो का आणि कुठे काय लावावं, हे ठरत नाही. खालच्या एक-दोन खोल्यांत भिंतीचे पोपडे निघतात, हेही तुम्ही जाता जाता लिहिलं आहे.

मी सुरुवात त्या पोपड्यांपासूनच करतो. काय लावायचं याइतकंच कधी लावायचं हे महत्त्वाचं आहे, आणि ते त्या पोपड्यांवर ठरणार आहे. जुन्या घरांच्या कामात बिघडलेलं इन्सुलेशन, म्हणजे उष्णता अडवणारं अस्तर, मी बरंच उघडून पाहिलं. बहुतेक ठिकाणी साहित्यात खोट नव्हती, ते ओल्या भिंतीवर चढवलेलं होतं.

आजची भिंत पाणी अडवण्याच्या हिशेबाने बांधतात. जोत्यात ओलरोधक थर असतो, बाहेर पाणी न शोषणारा गिलावा असतो. तुमच्या भिंतीत बहुधा यातलं काहीच नाही. ती पावसाचं पाणी थोडं पिते, जमिनीतलं थोडं वर ओढते, घरातली वाफ थोडी घेते आणि ऊन-वारा मिळाला की दोन्ही अंगांनी ते सोडून देते. चुन्याच्या दरजा, म्हणजे विटांमधले सांधे, विटेपेक्षा मऊ आणि जास्त सच्छिद्र असतात, त्यामुळे ओल त्यांच्यातून बाहेर पडते. झिजतात त्या दरजा, वीट शाबूत राहते. दर काही वर्षांनी दरजा भरल्या की भिंत पुन्हा उभी. ही देवाणघेवाण चालू राहिली म्हणून तुमचं घर शंभर वर्षं टिकलं.

पोर्टलंड सिमेंटचं पेटंट 1824 सालचं. पुढे सिमेंट स्वस्त आणि सोयीचं झालं, तसा जुन्या चुन्याच्या भिंतींवरही त्याचा गिलावा चढला. तो कडक असतो, मऊ भिंतीबरोबर हलत नाही, म्हणून त्याला बारीक भेगा पडतात. पाणी त्या भेगांतून आत शिरतं आणि परत येताना सगळ्या पृष्ठभागावर अडतं. मग ते भिंतीतून वर चढतं, क्षार बरोबर आणतं, आणि जिथे वाट सापडते तिथे लोणा लागतो. तुमचे पोपडे असेच असण्याची शक्यता मला जास्त वाटते.

म्हणून पहिलं काम हातोड्याचं नाही, पाहणीचं आहे. भर पावसात बाहेर उभं राहा आणि पन्हळ कुठे भरून वाहते, पागोळ्यांचं पाणी भिंतीवर उडतं का, ते बघा. बाहेरची जमीन वर्षानुवर्षांच्या भरावाने वर आलेली असते. ती आतल्या फरशीपेक्षा निदान 15 ते 20 सेंटीमीटर खाली हवी. नळाची एखादी जोडणी भिंतीत गळत असेल तर तीही शोधा. मग गिलाव्यावर पाण्याचे थेंब उडवा. थेंब लगेच जिरले तर पृष्ठभाग उघडा आहे, मोती होऊन ओघळले तर त्यावर प्लास्टिकचा रंग किंवा सिमेंट बसलेलं आहे. आणखी एक सोपी चाचणी: हातभर लांबी-रुंदीचा पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा चारी कडांनी चिकटवून दोन दिवस भिंतीवर ठेवा. खोलीच्या बाजूला दव जमलं तर ओल हवेतली आहे, मागच्या बाजूला जमलं तर भिंतीतली. टोचून आकडा दाखवणारी यंत्रं लाकडासाठी चांगली. विटांच्या भिंतीत क्षार असले की ती फुगवून आकडा सांगतात, त्यावर विसंबून महागडी 'ओल उपचार' इंजेक्शनं मारून घेऊ नका.

सिमेंटचा गिलावा काढायचा असेल तर छिन्नी-हातोडीने, हळूहळू. यंत्राने ठोकलं की विटेचा भाजलेला वरचा पापुद्रा निघून येतो आणि आतला मऊ गर उघडा पडतो. गिलावा निघाल्यावर भिंतीला वेळ द्या. गवंड्यांचा ठोकताळा असा की दर अडीच सेंटीमीटर जाडीला वाळायला एक महिना. जाड भिंतीला म्हणजे वर्ष लागलं तरी नवल नाही. हे ऐकून लोक हिरमुसतात, हे मला ठाऊक आहे. पण ओली वीट कोरड्या विटेपेक्षा उष्णता कितीतरी जास्त वाहून नेते, म्हणजे भिंत नुसती वाळली तरी घर थोडं उबदार होतंच.

आता 'श्वास घेणं' या शब्दाकडे येतो. या शब्दाने बराच घोटाळा केला आहे. भिंतीतून वारा खेळणं हा त्याचा अर्थ नाही. फटींतून वारा आत आला की उष्णता जाते, आणि त्या हवेबरोबर जाणारी वाफ साहित्यातून झिरपणाऱ्या वाफेपेक्षा कितीतरी जास्त असते. आपल्याला हवी आहे ती हवा रोखणारी, पण वाफ जाऊ देणारी भिंत. चुन्याचा अखंड गिलावा ही दोन्ही कामं एकटा करतो.

वाफेचे आकडे एकदा डोळ्यांखालून घाला. 20 अंशांची हवा घनमीटरमागे जास्तीत जास्त सुमारे 17 ग्रॅम वाफ धरते. 10 अंशांना तीच मर्यादा साडेनऊ ग्रॅमच्या आत येते. घरात 20 अंश आणि 60 टक्के आर्द्रता असेल, तर 12 अंशांपर्यंत थंड झालेल्या कुठल्याही पृष्ठभागावर दव जमतं. बुरशी तर त्याच्याही आधी येते. पृष्ठभागापाशी आर्द्रता 80 टक्क्यांवर काही काळ राहिली की तिला पुरतं, आणि या उदाहरणात ते 15 अंशांच्या आसपास घडतं.

तुमच्या भिंतीचा हिशेब मांडू. 34 सेंटीमीटरची विटांची भिंत चौरस मीटरमागे, एका अंशाच्या फरकाला साधारण 1.6 वॉट उष्णता सोडते. तिला आतून 40 मिलीमीटर लाकडी तंतूचा बोर्ड लावला की हा आकडा 0.6 च्या जवळ येतो, म्हणजे गळती 60 टक्क्यांहून जास्त घटली. बोर्ड 100 मिलीमीटरचा केला तर तो 0.32 होतो. जाडी अडीचपट झाली, पण पहिल्या 40 मिलीमीटरने जे दिलं त्याच्या एक तृतीयांशही भर पडली नाही. आता दुसरी बाजू. बाहेर 0 अंश आणि आत 20 अंश असताना उघड्या भिंतीचा आतला पृष्ठभाग 16 अंशांच्या जवळ असतो. 40 मिलीमीटरच्या बोर्डाआड तोच पृष्ठभाग 6 अंशांवर उतरतो आणि 100 मिलीमीटरच्या आड 3 अंशांवर.

आतून इन्सुलेशन म्हणजे खोली उबदार आणि जुनी भिंत पूर्वीपेक्षा थंड, त्यामुळे ओली. हे टळत नाही, फक्त बेताने करता येतं. म्हणून जुन्या भिंतीला आतून मी 40 ते 60 मिलीमीटरच्या पुढे सहसा जात नाही. जास्त जाडी हवी असेल तर ती बाहेरून द्यावी. बाहेरून लाकडी तंतूचे बोर्ड आणि त्यावर चुन्याचा गिलावा केला की वीट घराच्या उबेत येते आणि दवाचा प्रश्नच मागे पडतो. दर्शनी भिंतीवर नक्षी किंवा उघडी दगडी बांधणी असेल तर तिला मात्र हात लावू नये. मागच्या आणि बाजूच्या भिंती बाहेरून, पुढची आतून, अशी वाटणी अनेक घरांत जमते.

फोमवाल्याचं एक म्हणणं खरं आहे. जाडीच्या हिशेबाने फोम सरस आहे. उष्णतावहनाचा आकडा कठीण फोमचा 0.022 च्या आसपास, लोकरीचा 0.035 ते 0.040, लाकडी तंतूचा आणि बुचाचा 0.04 च्या जवळ, हेम्प-चुन्याचा 0.07 आणि पुढे. तो जितका कमी तितका चांगला. पण त्या 6 अंशांच्या थंड पृष्ठभागाचं काय करायचं, याला फोमकडे उत्तर नाही. प्लास्टिकचा कागद वाफेला आत येऊ देणार नाही म्हणतात, आणि कागद अखंड राहिला तर ते खरंही आहे. पण विजेच्या खोक्यापाशी तो कापला जातो, चित्र टांगायला कुणी खिळा मारतं. शिवाय बाहेरून आलेली पावसाची ओल आत सुकायचा मार्ग त्याने कायमचा बंद होतो. लाकडी तंतू इथे वेगळा वागतो. तो जास्तीची वाफ स्वतःत साठवतो, थंड बाजूला जमलेला ओलावा केशाकर्षणाने परत खोलीकडे ओढतो आणि खोली कोरडी झाली की सोडून देतो. जुनी वीट हेच करत आली आहे, म्हणून दोघांचं जमतं.

साहित्यांपैकी भिंतीसाठी माझी पहिली पसंती लाकडी तंतूच्या दाट बोर्डाला. तो भिंतीला चुन्याच्या किंवा मातीच्या लगद्यात पूर्ण टेकवून बसवायचा, मागे पोकळी अजिबात ठेवायची नाही. पोकळी राहिली की ओलावा परत ओढण्याची साखळी तुटते आणि तिथे थंड हवा फिरते. त्यासाठी भिंत आधी चुन्याने सपाट करावी लागते, आणि हे कंटाळवाणं काम टाळण्याचा मोह गवंड्याला होतो. त्या दिवशी तुम्ही स्वतः हजर राहा.

भिंत फारच वेडीवाकडी असेल तर हेम्प-चुना उत्तम. हेम्पच्या खोडातला लाकडासारखा गाभा बारीक तोडून चुन्यात कालवतात आणि तो भिंतीवर थापतात किंवा साच्यात भरतात. तो खड्डे-उंचवटे स्वतः भरून काढतो, कीड लागत नाही, सहज पेटत नाही. इन्सुलेशन मध्यम, पण भिंतीशी एकजीव. वाळायला मात्र आठवडे, कधी महिने लागतात. थंडीच्या तोंडावर हे काम सुरू करू नका. चुना कोणता घेता हेही बघा. पाण्यातही घट्ट होणाऱ्या हायड्रॉलिक चुन्याचे 2, 3.5 आणि 5 असे वर्ग मिळतात. आकडा वाढला की ताकद वाढते आणि सच्छिद्रता घटते. मऊ विटेवर 5 नंबर लावणं म्हणजे सिमेंटच्या चुकीकडे निम्मं परत जाणं.

बुचाच्या पाट्या ओलीला सर्वांत कमी बधतात, त्यामुळे जोत्यालगतच्या पट्ट्यात आणि न्हाणीघराच्या भिंतीला मी त्या वापरतो. वाफ त्यांच्यातून हळू जाते, सगळीकडे लावू नका.

लोकरीवर माझा जीव आहे. ती आपल्या वजनाच्या तिसऱ्या हिश्शाइतकी वाफ तंतूंत शोषते, तरी हाताला ओली लागत नाही, आणि शोषताना थोडी उष्णताही सोडते. हाताळताना खाज नाही, मास्क लागत नाही. पण तिला कसर लागते. बोरॉनच्या क्षाराची प्रक्रिया केलेलीच घ्या. कुणी फुकट दिलेली कच्ची लोकर माळ्यावर पसरली तर दोन-तीन वर्षांत किडे घरभर होतात. शिवाय ती मऊ, तिला सांगाडा लागतो. म्हणून तिची जागा छपरात आणि लाकडी जमिनीखाली, उभ्या विटांच्या भिंतीवर नाही.

हे मी चूक करून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत एका घरात आतून लाकडी पट्ट्यांचा सांगाडा उभारून मी त्यात लोकर भरली, वर बोर्ड लावला. मागे दोन बोटं पोकळी ठेवली, हवा खेळेल म्हणून. पाचव्या वर्षी मालकांनी बोलावलं, खोलीत कुबट वास येत होता. वरच्या मजल्याची पाटणी उचलली, तर भिंतीत घुसलेली तुळयांची टोकं भुसभुशीत झालेली. पेचकस बोटभर आत गेला. खोलीतली उबदार हवा पाटणीखालून त्या पोकळीत जात होती आणि थंड विटेवर पाणी सोडत होती. लाकडात 20 टक्क्यांच्या वर ओलावा टिकला की कुजवणारी बुरशी धरते. लोकर अस्सल होती, रचना चुकीची होती. तीन तुळयांची टोकं कापून नवीन जोडावी लागली, आणि तो खर्च मी केला. तेव्हापासून कुठल्याही भिंतीला आतून हात लावण्याआधी मी तुळयांची टोकं उघडून बघतो, त्यांच्याभोवतीच्या फटी चुना आणि लोकरीने हवाबंद करतो आणि त्या पट्ट्यात इन्सुलेशन पातळ ठेवतो. तुमच्या घरात वरचा मजला लाकडी असणार, म्हणून हे एवढं सविस्तर लिहिलं.

या सगळ्यावर शेवटचा हात रंगाचा असतो, आणि तिथे घात होतो. चुन्याचा गिलावा, लाकडी तंतू, सगळं नीट केलं आणि वर धुता येणारा प्लास्टिक रंग मारला, तर केलेलं वाया गेलं. चुन्याची सफेदी, मातीचा रंग किंवा सिलिकेट रंग, एवढेच पर्याय धरा. प्लास्टिकचा वॉलपेपर नको. मोठं कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नका, चार बोटं अंतर ठेवा.

उष्ण आणि दमट हवेत वाफेची दिशा उलटते, हे बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही. बाहेर 32 अंश आणि 75 टक्के आर्द्रता असेल तर 27 अंशांच्या पृष्ठभागावरही दव जमतं. आत एसी 24 वर चालू असेल तर वाफ बाहेरून आत येऊन ठेपते आणि प्लास्टिकच्या कागदामागे पाणी होऊन बसते. पावसात भिजलेल्या भिंतीवर कडक ऊन पडलं की थंड प्रदेशातही हेच होतं. वर्षभरात दोन्ही दिशांना वाफ जाणार असेल, तर दोन्ही बाजूंनी उघडी भिंतच शहाणपणाची.

वरचा मजला तापतो त्याचं उत्तर भिंतीत नाही, छपरात आहे. तुमच्या जागी मी पैसे आधी तिथेच घातले असते, कारण तिथे धोका कमी आणि फरक लगेच. पोटमाळा वापरात नसेल तर त्याच्या जमिनीवर 25 ते 30 सेंटीमीटर सेल्युलोज, म्हणजे बोरॉनचे क्षार घातलेला रद्दी कागदाचा कापूस, किंवा लोकर पसरा. वळचणीपाशी 5 सेंटीमीटरची हवेची वाट मोकळी ठेवा, नाहीतर वाशांना ओल धरेल. माळ्याचं दार हवाबंद करा. विजेच्या तारा इन्सुलेशनखाली गाडल्या तर त्या जास्त तापतात, म्हणून आधी विजेच्या जाणकाराला दाखवा. दिव्यांच्या खोक्यांभोवती मोकळी जागा हवीच.

पोटमाळा राहता असेल तर इन्सुलेशन वाशांच्या रेषेत जातं, आणि इथे लाकडी तंतूचा दुसरा गुण उपयोगी पडतो. तो जड आहे, आणि त्याची उष्णता साठवण्याची क्षमता किलोमागे अंशाला 2100 जूलच्या आसपास, खनिज लोकरीच्या (दगड किंवा काच वितळवून काढलेल्या तंतूंच्या) दुपटीच्या जवळ. 20 सेंटीमीटर दाट बोर्डातून दुपारच्या उन्हाची लाट आत यायला 10-12 तास लागतात, तोवर रात्र होते आणि खिडक्या उघडता येतात. हलक्या खनिज लोकरीत तीच लाट 3-4 तासांत, ऐन संध्याकाळी, खोलीत उतरते. हिवाळ्याच्या आकड्यांत दोन्ही सारखीच दिसतात, म्हणून विक्रेते हे सांगत नाहीत. वर कौलांखाली हवेचा मोकळा थर आणि खिडक्यांना बाहेरून सावली मात्र हवीच, त्याला पर्याय नाही.

तळमजल्याची जमीन लाकडी असेल तर तुळयांमध्ये लोकर, खालून वाफ जाऊ देणारा कापडी पडदा, आणि जोत्यातल्या जाळ्या मोकळ्या. गारवा येतो म्हणून त्या जाळ्या बुजवणं ही नेहमी दिसणारी आणि फार महाग पडणारी चूक आहे.

फटी बुजल्यावर घरातली वाफ आपोआप बाहेर जाणार नाही. चार माणसांच्या घरात स्वयंपाक, आंघोळ, वाळत घातलेले कपडे आणि श्वास मिळून रोज दहा लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. स्वयंपाकघरात आणि न्हाणीघरात बाहेर फेकणारा पंखा लावा. भिंत कितीही चांगली असली तरी त्या दहा लिटरांचा भार एकटी पेलणार नाही.

ठेकेदाराला मी आठ दिवस दिले नसते, दोन वर्षं दिली असती. पहिल्या वर्षी पन्हळी, बाहेरची जमीन, सिमेंटचा गिलावा, दरजा आणि पोटमाळा. दुसऱ्या वर्षी भिंती, त्याही आधी एकच खोली, जिच्या भिंतीवर पावसाचा मारा सर्वांत कमी आहे. तिथे बोर्ड लावताना बोर्ड आणि विटेच्या मध्ये तापमान-आर्द्रता मोजणारा छोटा सेन्सर बसवा आणि वर्षभर आठवड्यातून एकदा आकडा वहीत लिहा. थंडीत आर्द्रतेचा आकडा 90 टक्क्यांपर्यंत चढला तरी लगेच घाबरू नका. पण कोरड्या ऋतूत तो 80 च्या खाली यायला हवा. आला, तर पुढची खोली घ्या. नाही आला, तर बोर्ड जागच्या जागी राहू द्या, शिडी घ्या आणि त्या भिंतीवरची पन्हळ पुन्हा तपासा.